परदेशांतील वाणसौदा

मुलगा परदेशांत नोकरीस आहे असें कोणी सांगितलें कीं, ऐकणाराच्या मनांत प्रथम पगाराचा आंकडा येतो, आणि तो रुपयांत करून पाहण्याचा मोह सहसा कोणास आवरत नाहीं. आमच्या वडिलांस, म्हणजे नानांस, तो आवरला नाहीं यांत नवल तें काय? त्यांची सारी हयात हिशेबखात्यांत गेलेली. २०१४ च्या आक्टोबरांत आम्ही सौ. व दोन वर्षांची मुलगी यांसह स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं राहावयास आलों, तेव्हां एका फ्रँकास सुमारें पासष्ट रुपये पडत असत. पगाराला पासष्टानें गुणण्याचें काम नानांनीं साताऱ्यास बसून मोठ्या आनंदानें केलें. मिळकतीला जो गुणक तोच खर्चालाही लागतो, ही गोष्ट मात्र पहिल्या दिवशीं भाजी आणावयास गेलों तेव्हां आमच्या ध्यानांत आली. फ्लॉवरचा एक लहानसा गड्डा चार फ्रँकांस! आम्हीं तो उचलला, मनांतल्या मनांत दोनशें साठ म्हटलें, आणि होता तेथें अलगद ठेवून दिला. त्या रात्रीं आमच्या घरीं नुसता वरणभात झाला.

ह्या देशांत मजुरी मोठी, म्हणून माल महाग, हें तर उघडच आहे. परंतु भाजीपाला व दूधदुभतें यांच्या महागाईंत सरकारचाही हात आहे. शेतीनें देशाच्या अन्नपुरवठ्यास हातभार लावावा, जमीन राखावी, खेडीं ओस पडूं देऊं नयेत, असें येथील राज्यघटनेच्या १०४ व्या कलमांतच लिहिलें आहे; आणि स्वदेशांतील भाजी तयार होण्याच्या हंगामांत बाहेरून येणाऱ्या त्याच भाजीवर जबर जकात बसते. शेतकऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर ही व्यवस्था चांगलीच म्हटली पाहिजे. गिऱ्हाइकाच्या बाजूनें पाहण्याची पाळी आमच्यावर आली, त्यास इलाज नाहीं. मांस तर युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहूनही महाग आहे. पण त्या एका संकटांतून आम्ही जन्मतःच सुटलेलों होतों.

ज्या दुकानांतून आम्ही बहुतेक जिन्नस आणतों, त्या मिग्रोची हकीगत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गोटलीब डुटवायलर नांवाच्या गृहस्थानें १९२५ सालीं ह्याच झुरिक शहरांत पांच फोर्ड मोटारगाड्या घेऊन फिरता व्यापार सुरूं केला. गाडींत जिनसा सहाच: कॉफी, तांदूळ, साखर, मॅकरोनी-शेवया, खोबरेल तूप आणि साबण. मधले दलाल काढून टाकून माल थेट घरच्या बाईच्या पिशवींत टाकावयाचा, एवढाच त्याचा मंत्र. त्यावर दुकानदार व कारखानदार इतके संतापले कीं, पुष्कळांनीं त्याला माल देण्याचें बंद केलें. तेव्हां त्यानें स्वतःचे कारखाने काढले. १९३३ पासून १९४५ पर्यंत नव्या शाखा उघडण्यास कायद्यानेंच बंदी होती. १९४१ त त्यानें आपली चालती पेढी सहकारी संस्था करून गिऱ्हाइकांच्या स्वाधीन केली. दारू व तंबाखू विकावयाची नाहीं हा त्याचा दंडक अजून चालू आहे. २०२२ सालीं दारूविषयीं सभासदांचीं मतें घेतलीं, तेव्हां दहाही प्रांतिक संस्थांनीं तिला नकार दिला. सहकारी संस्थांचे सर्व रंग पाहिलेल्या सातारा जिल्ह्यांतील माणसाला ही गोष्ट किती अचंब्याची वाटली असेल, तें सांगावयास नकोच.

असो. आमचें शिक्षण हळूहळू होत गेलें. ह्याच दुकानांत हिरव्यापांढऱ्या वेष्टणांतला स्वस्त माल १९९६ पासून मिळतो. तो टोपलींत ठेवतांना आरंभीं आम्हांस लाज वाटे, आणि आम्ही त्यावर दुसरें कांहींतरी आडवें ठेवीत असूं. पुढें एकदां आमच्या कचेरींतील वरिष्ठच त्या वेष्टणांतील मीठ व पीठ राजरोस नेतांना दिसले, तेव्हांपासून तो संकोच गेला. कोबी, गाजर, बटाटे, नवलकोल या येथल्या मातींतल्या भाज्या त्या मानानें स्वस्त. म्हणून हिवाळ्यांत त्यांच्यावर राहावें. पाणी विकत घेऊंच नये. शहरांत बाराशेंहून अधिक सार्वजनिक कारंजीं आहेत, आणि क्वचित् एखाद्यावर पाटी नसली तर त्यांचें पाणी खुशाल प्यावें. शनिवारीं सायंकाळीं दुकानें बंद होण्यापूर्वीं जावें, कारण रविवारीं बहुतेक सर्व बंद, आणि टिकणार नाहीं अशा मालावर पाव किंवा निम्मी किंमत कमी केल्याच्या चिठ्या तेव्हां लागतात. ह्या शेवटल्या युक्तीनें आम्हांस एकदां चांगलेंच ठकविलें. निम्म्या किंमतींत मिळाल्या म्हणून अळंब्यांच्या सहा पेट्या आणल्या. दोन खाल्ल्या, चार कुजल्या. येथें घरचा कचरा शहरानें नेमून दिलेल्या पिशवींतूनच टाकावा लागतो आणि कचरा नेण्याची पट्टी त्या पिशवीच्या किंमतींतच धरलेली असते. म्हणजे त्या अळंब्यांचे पैसे आम्हीं आणतांना दिले ते दिलेच, टाकतांनाही दिले.

सौ.ची हातोटी आमच्याहून निराळी. सरोवराच्या कांठीं ब्युर्क्लीप्लाट्झवर मंगळवारीं व शुक्रवारीं सकाळीं शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तेथें मुळा, बीट, नवलकोल घेतला कीं बाई पाला मुरगळून बाजूच्या खोक्यांत टाकते. मुळ्याचा पाला टाकून देणें हें आमच्या घरच्या माणसाला पाहवण्यासारखें नव्हे. सौ.नें तो मागितला. बाईनें हंसत विचारलें, "सशांसाठीं का?" सौ.चें जर्मन तेव्हां नवीन होतें. समजावून सांगण्यापेक्षां होय म्हणणें सोपें, म्हणून ती होय म्हणाली. तेव्हांपासून दर शुक्रवारीं पालाही फुकट आणि सशांची विचारपूसही फुकट. किती आहेत म्हणून प्रश्न आला तेव्हां सौ.नें घरांतल्या माणसांकडे पाहून "तीन" असें उत्तर दिलें. ह्या तीन सशांनीं डाळीचें पीठ पेरून केलेला तो पाला वर्षानुवर्षें मिटक्या मारीत खाल्ला आहे.

डाळी, तांदूळ, कढीलिंब, शेवग्याच्या शेंगा यांसाठीं लांगष्ट्रासे ह्या भागांत जावें. लंकेंतील १९८३ च्या दंगलींनंतर पुष्कळ तामिळ कुटुंबें ह्या देशांत आश्रयास आलीं, आणि त्यांच्या दुकानांमुळें आमच्यासारख्यांचा संसार चालतो. तूरडाळीची मोठी पिशवी घेतली तर एका माणसाच्या एका वेळच्या वरणाचा खर्च येथल्या पावाच्या एका कापाएवढाही येत नाहीं. घरून आणूं म्हटलें, तर मेतकूट, लोणचें, भाजणी ठीक; पण दुधातुपाचा कोणताही पदार्थ हिंदुस्थानांतून आणण्यास मनाई आहे. पेढे नाहींत, खवा नाहीं, आणि ज्यावांचून आमचा वरणभात वरणभातच नव्हे, तें साजूक तूपही नाहीं.

तूप हा आमच्या अंदाजपत्रकांतला खरा घाव होता. येथील लोणी आणून कढवावें तर सोन्याच्या भावाचें. सीमेपलीकडे जर्मनींत तेंच निम्म्याहून कमी किंमतींत. त्यांत १५ जानेवारी २०१५ ह्या दिवशीं येथील राष्ट्रीय पेढीनें, युरो एक फ्रँक वीसच्या खालीं जाऊं द्यावयाचा नाहीं हें तीन वर्षांहून अधिक काळ चालविलेलें धोरण एकाएकीं सोडलें. कांहीं मिनिटांत युरो फ्रँकाच्या बरोबरीला आला. दोनच दिवसांनीं शनिवारीं अर्धें स्वित्झर्लंड कोन्स्टान्झ गांवीं लोटलें, आणि त्यांत आम्हीही होतों. कोन्स्टान्झ हें मोठें इतिहासप्रसिद्ध स्थळ. तेथें १४१४ पासून १४१८ पर्यंत ख्रिस्ती धर्मपीठाची महासभा भरली होती, आणि १४१५ त यान हुस यास तेथेंच जिवंत जाळलें. आम्हीं त्या गांवांत पाहिलें तें लोणी. नियम असा कीं, लोणी व साय मिळून माणशीं दिवसास एकच किलो जकातीवांचून आणतां येतें. म्हणजे तिघांचें तीन किलो. मुलगी तीन वर्षांची देखील नव्हती, पण कायद्याच्या दृष्टीनें तीही एक किलो लोण्याची धनीण होती. पुढें जर्मनीचा विक्रीकर परत मिळविण्यासाठीं हिरव्या कागदावर जकातीचा शिक्का घ्यावयाचा. त्या रांगेंत तास गेला. घरीं येऊन आगगाडीचें भाडें जमेस धरलें, तेव्हां उरलेल्या नफ्यांत स्टेशनावरची दोन पेले कॉफीही आली नसती. पण त्या रात्रीं घरभर तूप कढल्याचा वास सुटला, आणि सौ. म्हणाली कीं हा वास हिशेबांत कोठें मांडलात?

वाचकांस यावरून आमच्या घरचें वातावरण कळून आलेंच असेल. रोज रात्रीं पानावर बसलों कीं आज काय कितीला मिळालें याचें कथन व्हावयाचें. सौ. फ्रँक सांगे, आम्ही त्याचे रुपये करूं, मुलगी टाळ्या वाजवी. स्वस्त मिळालें तर तो विजय. महाग घ्यावें लागलें तर "आज दोनशेंची काकडी खात आहों" असें म्हणून हंसावयाचें. आम्हां दोघांचा तो खेळच होता. परमुलखांत एकाकी पडलेल्या जोडप्याला असा एखादा खेळ लागतो, असें आम्हांस अजूनही वाटतें.

२०१९ च्या मे महिन्यांत नाना व आई तीन महिन्यांसाठीं आमच्याकडे आलीं. नानांस तेव्हां अठ्याहत्तरावें वर्ष होतें. फ्रँक सत्तर रुपयांवर गेला होता. आम्हांस फार आनंद झाला. बाजारांतले ससे तिनांचे पांच झाले, आणि लोण्याचा वांटाही पांच किलोंचा झाला. पहिल्या पंधरवड्यांत नाना दुकानें पाहण्यास हौसेनें येत, डुटवायलरची गोष्ट त्यांनीं दोनदां सांगावयास लाविली. पानावर आमचा खेळ नेहमींप्रमाणें चालू होता. उलट, हिशेबी माणूस घरांत आला म्हणून आम्ही अधिकच रंगांत येत होतों.

मग नानांची भूक मंदावली. प्रथम रात्रींचें फळ सुटलें. वयामुळें पचत नाहीं म्हणाले. मग भाजी दुसऱ्यांदा घेईनात. मग कोशिंबीर नको. मेतकूट-भात व लोणचें मात्र आवडीनें खात, आणि म्हणत कीं, म्हाताऱ्याला हेंच बरें. आईनें दृष्ट काढली. आम्ही डॉक्टरकडे जाऊं म्हणालों, तर त्यांनीं डॉक्टरची फी विचारली, आणि ती ऐकून आपणांस मुळींच कांहीं होत नाहीं असें निक्षून सांगितलें. मेतकूट व लोणचें हीं साताऱ्याहून त्यांच्याच पिशवींतून आलेलीं होतीं, हें आमच्या ध्यानांत यावयास पाहिजे होतें. आलें नाहीं.

एके शनिवारीं मुलीला घेऊन भाजी आणावयास गेलों होतों. ती तेव्हां सात वर्षांची. आम्हीं फ्लॉवरचा गड्डा टोपलींत ठेवला, तो तिनें उचलून परत ठेविला. "बाबा, हा नको. हा दोनशें ऐंशींचा आहे. नाना जेवणार नाहींत."

हें तिनें अगदीं सहज सांगितलें. जसें आपण सांगतों कीं अमक्याला वांगें चालत नाहीं, तसें. आमचें ध्यान तेथून उडालें. आमच्या लहानपणीं नानांनीं सांगितलेली एक हकीगत आम्हांस आठवली. नाना १९५६ सालीं, पंधराव्या वर्षीं, शिकावयास पुण्यास आले आणि वार लावून जेवूं लागले. सात दिवसांचीं सात घरें. बहुतेक घरीं माया होती, आणि सोमवारच्या घरचीं माणसें तर पुढें आमच्या मुंजीलाही आलीं होतीं. बुधवारच्या घरींही कोणी वाईट नव्हतें. तेथील यजमान मात्र जेवतांना गव्हाचा भाव सांगत. नानांना नव्हे, आपल्या कुटुंबाला सांगत. घरांतल्या गोष्टी घरांत बोलाव्या तसें. पण बुधवारीं नानांनीं कधीं तिसरी पोळी घेतली नाहीं. चार वर्षांत एकदांही नाहीं.

आमचें घर बुधवारचें झालें होतें. नानांच्या मुलाचें घर, नानांना.

तो फ्लॉवर आम्हीं टोपलींत घातला आणि घरीं आलों. सौ.स स्वयंपाकघरांत बोलावून सर्व सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. आमचा विचार असा होता कीं नानांचे पाय धरावे आणि क्षमा मागावी. तिनें तो मोडून काढला. ती म्हणाली, "तुम्हीं क्षमा मागितलीत तर त्यांना वाटेल कीं आपण पकडले गेलों. मग ते पचत नाहीं म्हणून भाजी देखील सोडतील. मला बघूं द्या." आणि त्या रात्रीं पानावर कोणत्याही जिनसेचा भाव निघाला नाहीं. मुलीला तें चमत्कारिक वाटलें. तिनें विचारलें देखील. सौ.नें तिला वरण वाढलें.

दुसऱ्या दिवशीं सौ. कागद व पेन्सिल घेऊन नानांपुढें बसली. "नाना, मला एक हिशेब करून द्या. इथल्या सरकारी आंकडेखात्यानें लिहिलंय कीं, २०१८ सालीं मधल्या माणसाचा महिन्याचा पगार ६,५३८ फ्रँक होता. आठवड्याचे चाळीस तास धरून एका तासाचे किती पडतात?" हिशेब म्हटल्यावर नाना नाहीं कसे म्हणतील? त्यांनीं महिन्याचे एकशें त्र्याहत्तर तास व वर थोडी मिनिटें काढलीं, आणि तासाला सदतीस फ्रँक व सुमारें पाऊण असें उत्तर दिलें. "मग चार फ्रँकांच्या फ्लॉवरला किती वेळ काम करावं लागतं?" नानांनीं पुन्हा मांडलें. साडेसहा मिनिटांच्या आंत.

नाना कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, ह्यांत घरभाडं धरलं नाहींस. आणि विम्याचा हप्ता ज्याचा त्यानं भरायचा असतो ना इथं?" ती गोष्ट खरीच होती, १९९६ पासून येथें प्रकृतीचा विमा कायद्यानें सक्तीचा आहे, आणि त्याचा हप्ता पगार हातीं आल्यावर आपणच भरावा लागतो. सौ. म्हणाली, "बरं, मग किती धरायचीं?" नानांनीं थोडा विचार करून कागदावर दहा लिहिले. "दहा मिनिटं. साताऱ्याच्या भाजीवालीला पांच गड्डे विकून देखील दहा मिनिटांचं इतकं सुटत नसेल." असें म्हणून त्यांनीं कागदाची घडी करून खिशांत घातली. यापलीकडे त्या विषयावर आमच्या घरांत कोणीही कांहींही बोललें नाहीं. रात्रीं फ्लॉवर-बटाट्याची भाजी होती. नानांनीं ती एकदां घेतली, सौ. पातेलें घेऊन उभीच राहिली. मग त्यांनीं दुसऱ्यांदाही घेतली.

सर्वच पूर्ववत् झालें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. फळ त्यांनीं जाईपर्यंत अर्धेंच खाल्लें, अर्धें नातीला दिलें. वयामुळें खरोखरच पचत नसेल, कोण जाणे. पण शनिवारची सायंकाळची खेप त्यांनीं आपल्याकडे घेतली. साडेपांचला काठी व पिशवी घेऊन निघत, नात दुभाषी म्हणून बरोबर. चिठी चिकटविणारा तरुण कोणत्या फळीपासून आरंभ करतो हें त्यांनीं दोन आठवड्यांत ताडलें होतें, आणि तो आला कीं हे त्याच्या मागें चार हातांवर चालत. आमच्यासारख्या अळंब्या त्यांनीं कधीं आणल्या नाहींत. एका दिवसांत संपेल तेवढेंच आणीत. किंमत घरीं सांगत नसत. विचारली तर "मिळाली" एवढेंच म्हणत.

त्याला आतां वर्षें लोटलीं. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेला आहे. जर्मनींत ५० युरोंहून कमी खरेदीवर २०२० पासून कर परत मिळत नाहीं, आणि १ जानेवारी २०२५ पासून सीमेपलीकडून माणशीं ३०० फ्रँकांऐवजीं १५० फ्रँकांचाच माल येथील कर न भरतां आणतां येतो. त्यामुळें कोन्स्टान्झची फेरी आम्ही वर्षांतून दोनदांच, शेजाऱ्यांच्या मोटारींतून, केवळ लोण्यासाठीं करतों. बाजारांतली ती बाई अजून आहे, आणि ससे पुन्हां तीन आहेत. खर्चाची वही आम्ही अद्याप ठेवतों, कदाचित् पूर्वींपेक्षां अधिक बारकाईनें; पण ती जेवण आटपून ओटा पुसून झाल्यावर उघडावयाची असें ठरलें आहे.

शनिवारीं रात्रीं साताऱ्याहून दूरध्वनि येतो. तिकडे नऊ-साडेनऊ झालेले असतात, नाना निजण्यापूर्वीं थांबलेले असतात. आईचें बोलणें झालें कीं ते यंत्र हातांत घेतात आणि विचारतात, "काय रे, आज निम्म्यांत काय मिळालं?" आम्ही भाजीचें नांव सांगतों. "आणि केवढ्याला?" असें ते विचारीत नाहींत, आणि आम्हीही सांगत नाहीं. थोडा वेळ कांहीं ऐकूं येत नाहीं. तेवढ्या वेळांत ते तिकडे गुणाकार करीत असणार, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे.